चालू डेटाबेस सर्व्हरची इमेज घेण्याआधी तुम्ही काय काय तयारी करता?

मांजराकाठ

मंडळी, नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या ईडीपी (संगणक) विभागात काम करतो. ऊस नोंदणी, काटा, शेतकऱ्यांची बिलं, तोडणी-वाहतुकीचा हिशोब, सगळं एकाच सर्व्हरवर आहे. विंडोज सर्व्हर २०१९, त्यावर एसक्यूएल सर्व्हर २०१७ स्टँडर्ड. रोज रात्री २ वाजता पूर्ण सर्व्हरची इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या डब्यावर जाते आणि सकाळी सॉफ्टवेअरमध्ये हिरवी खूण दिसते. अकरा महिने ती खूण मी रोज न चुकता पाहिली.

गेल्या जानेवारीत ऐन गाळपात रेडचं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारं कंट्रोलर कार्ड गेलं. दुसरं मशीन होतं, त्यावर आदल्या रात्रीची इमेज उतरवली. विंडोज उठलं, डेस्कटॉपवरचे आयकॉनसुद्धा जागच्या जागी. एसक्यूएल उघडलं तर काट्याच्या डेटाबेसपुढे 'सस्पेक्ट', म्हणजे उघडतच नाही. एरर लॉगमध्ये ९००३ नंबर, लॉग स्कॅन नंबर चुकीचा. परवाची इमेज लावली, तेच. तेरवाची लावली, तेच.

शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांच्या मुलानं नऊ दिवसांपूर्वी प्रोग्राम बदलण्याआधी घेतलेली एक बॅक फाईल (एसक्यूएलच्या स्वतःच्या बॅकअपची) त्याच इमेजमधल्या एका फोल्डरात सापडली. त्यावर उठलो. नऊ दिवसांच्या काटा पावत्या कार्बन कॉपीवरून चार मुलांनी तीन दिवस-रात्र बसून भरल्या. तोवर काटा वहीवर चालला. ट्रॅक्टरांची रांग मेन रोडपर्यंत गेली होती, आणि त्या रांगेतला प्रत्येक शेतकरी ऊस वाळतोय म्हणून आमच्या खिडकीशी येऊन विचारत होता. ते चेहरे मी विसरलेलो नाही.

नंतर सापडलेलं कारण असं: डेटा फाईल डी ड्राइव्हवर, लॉग फाईल ई ड्राइव्हवर. डी ची इमेज २ वाजता आणि ई चा जॉब नंतर जोडलेला, तो २:२० ला. रिकव्हरी मॉडेल सिंपल. रात्रभर काटा चालूच.

दसऱ्याला बॉयलर पेटेल, दिवाळीनंतर मोळी पडेल. त्याआधी हे पक्कं करायचं आहे. इमेज घेण्याआधी डेटाबेस सर्व्हर कसा तयार करता? आपापल्या ठिकाणी खरोखर करता तेच सांगा.

नळदुर्ग

सोपा उपाय. पावणेदोनला एसक्यूएलची सर्व्हिस बंद, इमेज झाली की चालू. आम्ही शाळा-कॉलेजांच्या सर्व्हरला हेच करतो. बंद डेटाबेसची इमेज कधी दगा देत नाही.

मांजराकाठ

@नळदुर्ग, गाळपात काटा चोवीस तास. रात्री २ ला तर सगळ्यात जास्त ट्रॉल्या. दहा मिनिटं बंद ठेवला तरी गव्हाणीला ऊस कमी पडतो आणि शेतकी खात्याचा फोन येतो.

वाळूजची_डीबीए

मांजराकाठ दादा, तुमच्या काट्याचंच उदाहरण घेते. ट्रॉली काट्यावर चढताना आकडा वरखाली होतो, तेव्हा कुणी वजन नोंदवतं का? ट्रॉली स्थिर झाली की मगच पावती फाडता. इमेजचंही तसंच. तुमचं सॉफ्टवेअर ट्रॉली हलत असताना वजन घेत होतं, तेही पुढच्या चाकांचं २ वाजता आणि मागच्या चाकांचं २:२० ला.

विंडोजमध्ये ही 'ट्रॉली स्थिर करायची' यंत्रणा सर्व्हर २००३ पासून आहे, व्हॉल्यूम शॅडो कॉपी सर्व्हिस, म्हणजे व्हीएसएस. तिचे तीन गडी. इमेजचं सॉफ्टवेअर मागणी करतं, तो रिक्वेस्टर. डेटाबेसच्या बाजूनं 'जरा थांबा रे' म्हणणारा तो रायटर. आणि डिस्कची त्या क्षणाची प्रत धरून ठेवणारा प्रोव्हायडर. एसक्यूएलचा रायटर त्या क्षणापुरतं लिहिणं थोपवतो, प्रत धरली की सोडतो. डिस्कवर लिहिणं रोखून धरायला जास्तीत जास्त १० सेकंद मिळतात, तेवढ्यात जमलं नाही तर तो स्नॅपशॉट, म्हणजे ती त्या क्षणाची प्रत, रद्द होतो. वाचणं चालूच राहतं. काट्यावरच्या माणसाला पावती सेव्ह व्हायला थोडा उशीर जाणवेल, इतकंच.

आता तयारी. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स' चालवा. यादीत 'एसक्यूएलसर्व्हररायटर' दिसलाच पाहिजे, त्याची स्थिती 'स्टेबल' आणि शेवटची चूक 'नो एरर'. तो फेल्ड असेल तर इमेज घेण्यात अर्थ नाही, आधी 'एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर' ही सर्व्हिस रिस्टार्ट करा. ती ज्या खात्यावर चालते त्याला एसक्यूएलमध्ये सिसॲडमिनचा हक्क असावा लागतो. कुणीतरी 'सुरक्षा' म्हणून तो काढून टाकतं आणि मग शोधत बसावं लागतं.

डी आणि ई एकाच जॉबमध्ये, एकाच स्नॅपशॉटमध्ये घ्या. हे आजच करा, बाकीचं उद्या.

आणि जे कुणीच बघत नाही ते: इमेज झाल्यावर एसक्यूएलचा एरर लॉग उघडा. प्रत्येक डेटाबेससाठी 'आय/ओ इज फ्रोझन' आणि लगेच 'आय/ओ वॉज रिझ्यूम्ड' अशी जोडी दिसली पाहिजे, नंबर ३१९७ आणि ३१९८. जोडी नसेल तर वर कितीही हिरवी खूण असो, एसक्यूएलला इमेजचा पत्ताच लागलेला नाही.

तुमच्या लॉगमध्ये ती जोडी आहे का, ते बघून इथे सांगा. रायटर जागा असता तर डेटा एका स्नॅपशॉटमध्ये आणि लॉग दुसऱ्यात, अशा फाटलेल्या डेटाबेसवर त्यानं हरकत घेतली असती. तुम्हाला अकरा महिने एकही एरर आला नाही, याचीच मला काळजी वाटते.

नवखा_हिंगोली

ताई, शिकतोय म्हणून विचारतो. लॉग फाईल म्हणजे नेमकं काय? ती नोंदींची टेक्स्ट फाईल असते ना, मग ती जुनी-नवी झाल्यानं डेटा का बिघडावा?

खतावणी

@नवखा_हिंगोली, याचं उत्तर मी देतो. माझी अर्धी नोकरी वह्यांत गेली आणि अर्धी डेटाबेसमध्ये. परभणीत एका पतसंस्थेत आहे.

टेक्स्ट लॉग वेगळा, हा ट्रान्झॅक्शन लॉग वेगळा. हा म्हणजे रोजकीर्द. डेटा फाईल म्हणजे खतावणी. खातेदारानं पाचशे भरले की आधी कीर्दीत नोंद, मग सवडीनं खतावणीत त्याच्या पानावर. डेटाबेसही तसंच करतो: आधी लॉगमध्ये लिहितो, ते डिस्कवर पक्कं झालं की 'झालं' म्हणतो, आणि डेटा फाईलमध्ये नंतर उतरवतो. मध्येच लाइट गेली तर उठल्यावर कीर्द वाचून खतावणी पूर्ण करतो आणि अर्धवट व्यवहार खोडतो. म्हणून लाइट गेली तरी सहसा डेटाबेस सावरतो.

आता दादांकडे काय झालं? खतावणीची झेरॉक्स २ वाजताची. कीर्दीची झेरॉक्स २:२० ची. सिंपल मॉडेलमध्ये काम झालेली कीर्दीची पानं पुन्हा वापरायला घेतात, त्यामुळे वीस मिनिटांत खतावणीला हवं असलेलं पान पुसून त्यावर नवीन नोंदी आल्या. उठल्यावर डेटाबेस म्हणतो, माझ्या खतावणीत अमुक पानाचा हवाला आहे, ते पान कुठाय? तेच तुमचं ९००३.

नवखा_हिंगोली

कळलं. कॉलेजात चार लेक्चर होऊन हे डोक्यात गेलं नव्हतं. धन्यवाद काका.

सोयाबीन

मी बाजार समितीतल्या आडत्यांची सॉफ्टवेअरं सांभाळतो. माझं मत वेगळं आहे. इमेजचा एवढा खटाटोप कशाला? एसक्यूएलचा स्वतःचा बॅकअप रोज घ्या, बॅक फाईल दुसऱ्या डिस्कवर टाका, काम झालं. आमच्याकडं सगळं एक्स्प्रेस एडिशन आहे, त्यात एजंट नसतो म्हणून विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून एसक्यूएलसीएमडीची एक ओळ चालवतो. सात वर्षं झाली, एकदाही अडलो नाही.

जालनेकर

@सोयाबीन भाऊ, आडत्याच्या दुकानात एक पीसी, एक प्रिंटर. तिथं तुमचं बरोबर. पण एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलचा सर्व्हर मी फक्त बॅक फाईलवरून उभा केला आहे. डेटा वीस मिनिटांत आला. बाकीचं उभं करायला दीड दिवस गेला. वजनकाट्याच्या इंडिकेटरचा सीरियल पोर्टचा ड्रायव्हर, डोंगलचं लायसन्स, लॉगिन आणि पासवर्ड, शेड्यूल केलेले जॉब, रिपोर्टचे फॉन्ट. शिवलिपीत छापलेली बिलं चौकोन-चौकोन येत होती. यातलं काहीच बॅक फाईलमध्ये नसतं.

माझ्या मते दोन्ही पाहिजे. सर्व्हर परत उभा करायला इमेज, डेटा परत आणायला बॅकअप. इमेज उतरवायची, तिच्यातला डेटाबेस उठला तर उत्तमच, नाही उठला तर वर ताजी बॅक फाईल चढवायची. आमच्याकडं बॅक फाईल १:३० ला तयार होते आणि इमेज २ ला, म्हणजे ती इमेजच्या पोटातही जाते.

सोयाबीन

फॉन्टचं पटलं. मागं एकदा नुसते फॉन्ट शोधण्यात माझा अख्खा रविवार गेला होता. इमेजही सुरू करतो.

बालाघाट

आमचं मायएसक्यूएल, लिनक्सवर. अंबाजोगाईतल्या एका संस्थेच्या प्रवेश प्रक्रियेचा सर्व्हर. विषय तोच म्हणून लिहितो.

आधीच्या माणसानं एलव्हीएम (लिनक्समधली डिस्क सांभाळणारी यंत्रणा) स्नॅपशॉटची स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. पहिल्या ओळीत मायएसक्यूएलला 'फ्लश टेबल्स विथ रीड लॉक', दुसऱ्या ओळीत स्नॅपशॉट, तिसऱ्या ओळीत 'अनलॉक टेबल्स'. वाचायला एकदम छान. मीही दोन वर्षं ती चालवली. एक दिवस चाचणीला उतरवलेल्या सर्व्हरवर दोन टेबलं 'क्रॅश्ड' निघाली, दोन्ही मायआयसॅम या जुन्या प्रकारची.

स्क्रिप्ट पुन्हा ओळ-ओळ वाचली. पहिली ओळ मायएसक्यूएलमध्ये शिरते, लॉक लावते आणि बाहेर पडते. सत्र संपलं की लॉकही सुटतो! म्हणजे स्नॅपशॉट घ्यायच्या क्षणी दार सताड उघडं. दार धरून ठेवणारा माणूस स्नॅपशॉट होईपर्यंत तिथंच उभा पाहिजे, म्हणजे लॉक लावणाऱ्या सत्राच्या आतूनच स्नॅपशॉटची कमांड चालवायची, मग अनलॉक. बदल चार शब्दांचा होता.

इनोडीबी प्रकारची टेबलं या दोन वर्षांत वाचली, कारण त्यांची स्वतःची कीर्द असते आणि डेटा-लॉग एकाच व्हॉल्यूमवर होते. मायआयसॅमला कीर्दच नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अशी टेबलं अजून सापडतात, इमेजच्या तयारीत ती शोधून इनोडीबीत बदलून घ्या.

गोदातीर

@बालाघाट, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येही अगदी हाच मुद्दा आहे. पीजी_बॅकअप_स्टार्ट म्हटलं की ते सत्र पीजी_बॅकअप_स्टॉप म्हणेपर्यंत उघडं ठेवावं लागतं. (१५ च्या आधी नावं पीजी_स्टार्ट_बॅकअप आणि पीजी_स्टॉप_बॅकअप होती, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट १५ वर नेल्या की मोडतात.) डेटा आणि वॉल (पोस्टग्रेसची कीर्द) दोन्ही एकाच क्षणाच्या स्नॅपशॉटमध्ये असतील तर हे न करताही चालतं, ते लाइट जाऊन परत आल्यासारखं सावरतं.

मी नांदेडचा. आमच्याकडं सगळं व्हर्च्युअल, म्हणजे एका मशीनच्या (होस्ट) पोटात अनेक मशीनं (गेस्ट), प्रॉक्समॉक्सवर. इथं एक घोळ सगळ्यांचा होतो: होस्टवरून मशीनचा बॅकअप घेतला की झालं असं वाटतं. पण आतल्या लिनक्समध्ये क्यूईएमयू गेस्ट एजंट बसवलेला आणि चालू नसेल, तर होस्ट आतल्याला 'थांब' म्हणूच शकत नाही. विंडोज गेस्ट असेल तर त्या एजंटमार्फतच आतलं व्हीएसएस हलतं. व्हीएमवेअरवाल्यांना व्हीएमवेअर टूल्स, आणि हायपर-व्हीवाल्यांनी २०१६ पासून आलेला प्रॉडक्शन चेकपॉइंट वापरायचा, स्टँडर्ड नव्हे.

आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही. एका ठिकाणी चार महिने जुना स्नॅपशॉट तसाच ठेवलेला, तो फुगत-फुगत स्टोरेज भरलं आणि सगळी मशीनं एकदम थांबली. स्नॅपशॉट घ्या, त्यावरून इमेज दुसरीकडं न्या, स्नॅपशॉट लगेच काढून टाका.

पैठणी_पदर

मी या क्षेत्रातली नाही, अनुवादाचं काम करते. पण तुम्ही सगळे डेटाबेसला 'थांबवणं', 'रोखणं', 'थोपवणं', 'स्थिर करणं' असं वेगवेगळं म्हणताय. इंग्रजीत याला क्वाइएस म्हणतात ना, त्याला मराठीत एक शब्द नाही का?

खतावणी

'निवांत करणे'?

बालाघाट

निवांत म्हटलं की आमचा डेटाबेस सुट्टीवर जाईल. 'दम धरणे' कसं?

जालनेकर

माझी आई टँकरचं पाणी हंड्यात ओतून त्यात तुरटी फिरवायची आणि म्हणायची, हात लावू नका, निवळू द्या. गाळ खाली बसला की वरचं पाणी पातेल्यात काढायचं. जालन्यात ज्यानं उन्हाळे काढलेत त्याला हे सांगावं लागत नाही. इमेज घेण्याआधी डेटाबेस निवळू द्यायचा.

पैठणी_पदर

'निवळणे' फारच चांगला आहे. टिपून ठेवते. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

वाळूजची_डीबीए

मीही आजपासून निवळणेच म्हणणार. टीममध्ये सांगितलं, लगेच रुळला.

खतावणी

आता एक कडू अनुभव. मागं ज्या संस्थेचं काम बघत होतो तिथं निवळलेली, एकाच क्षणाची, सगळ्या नियमांनी घेतलेली इमेज होती. अशा तीस दिवसांच्या तीस इमेज होत्या. आणि तीसही निरुपयोगी निघाल्या.

झालं असं की उन्हाळ्यात लाइट दिवसातून चार-पाचदा जायची. यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या, आणि रेड कार्डावरच्या कॅशची बॅटरी कधीच मेलेली, तरी राइट कॅश चालूच. म्हणजे कार्ड डेटाबेसला 'लिहिलं' म्हणून सांगायचं आणि लाइट गेली की ते लिहिलेलं हवेत. कुठल्या तरी अशा दुपारी ठेवींच्या टेबलाची काही पानं बिघडली. ती पानं रोज कुणी उघडत नव्हतं. मार्चअखेर व्याज लावताना उघडली तेव्हा एरर ८२४ (पान बिघडल्याचा) आला. इमेज बिचारी जसं आहे तसं उचलते, बिघडलेलं पान बिघडलेलंच उचलते. तीस दिवस मागं गेलो, सगळीकडं तेच. कागदी लेजर होतं म्हणून ठेवीदारांना तोंड दाखवू शकलो.

तेव्हापासून माझ्या तयारीची पहिली पायरी डीबीसीसी चेकडीबी, डेटाबेसची आतून तपासणी करणारी कमांड. दर शनिवारी रात्री. ती स्वच्छ नसेल तर जुनी चांगली इमेज पुसायचं आपोआप चाललेलं काम आधी थांबवतो, मग पुढचं बघतो. डेटाबेसच्या सेटिंगमध्ये पेज व्हेरिफाय हे 'चेकसम'वर आहे का तेही बघा, फार जुन्या आवृत्तीवरून वर चढवलेल्या डेटाबेसमध्ये ते जुनंच राहिलेलं असतं. आणि स्वतःचा बॅकअप घेताना 'विथ चेकसम' लिहा, म्हणजे वाचतानाच बिघडलेलं पान अडेल.

दादा, तुमचं कंट्रोलर कार्ड गेलं होतं म्हणता, आताच्या कार्डाच्या बॅटरीची स्थिती बघितलीत का?

मांजराकाठ

काका, नाही बघितली. उद्या सकाळी पहिलं तेच.

ताई, तुमची शंका खरी ठरली. एरर लॉगच्या मागच्या सगळ्या फाईली चाळल्या. ३१९७ एकदाही नाही. आणि रायटर्सच्या यादीत सिस्टिम रायटर आहे, रजिस्ट्री रायटर आहे, डब्ल्यूएमआय आहे. एसक्यूएलसर्व्हररायटर नाहीच. सर्व्हिस चालू दिसते, रिस्टार्ट केली, तरी नाही. खात्याला सिसॲडमिन हक्क आहे.

वाळूजची_डीबीए

यादीत फेल्ड असणं वेगळं आणि यादीत नसणंच वेगळं. मला एक संशय आहे. सिस.डेटाबेसेसमधून (एसक्यूएलची डेटाबेसांची यादी) सगळी नावं छापा, पण नावाच्या पुढं-मागं एकेक चौकोनी कंस जोडून छापा. एखाद्या नावाच्या शेवटी रिकामी जागा आहे का बघा.

मांजराकाठ

ताई, हात जोडतो तुम्हाला.

'काटाटेस्ट' नावाचा एक डेटाबेस आहे. कंस लावून छापला तर 'टेस्ट' आणि कंसाच्या मध्ये एक स्पेस! मॅनेजमेंट स्टुडिओत बघून हे जन्मात कळलं नसतं. तयार केल्याची तारीख बघितली, इमेजचं सॉफ्टवेअर बसवायच्या सहा दिवस आधीची. कुणीतरी नाव टाइप करताना स्पेसबारला अंगठा लागला असणार. जानेवारीत इमेजमधून सर्व्हर उतरवला तेव्हा तोही तसाच सोबत आला.

नाव बदललं, सर्व्हिस रिस्टार्ट केली, आणि यादीत एसक्यूएलसर्व्हररायटर, स्टेबल, नो एरर. एका स्पेसमुळे नऊ दिवसांच्या पावत्या गेल्या होत्या.

नळदुर्ग

बाप रे. माझ्याकडचे सगळे सर्व्हर उद्या कंस लावून बघतो. आणि सर्व्हिस बंद करण्याचा माझा सल्ला तुमच्या कामाचा नव्हता, हे मान्य.

सोयाबीन

मी आत्ताच सहा दुकानांत बघितलं. एका ठिकाणी शेवटी स्पेस निघाली!

बालाघाट

एक राहिलंच. इमेजचं सॉफ्टवेअर आता एसक्यूएलशी बोलायला लागलं, तर सॉफ्टवेअरवाल्यांचा फुल-डिफरन्शियलचा (पूर्ण बॅकअप, मग त्यानंतरचे फक्त बदल) क्रम मोडेल ना?

वाळूजची_डीबीए

चांगला प्रश्न. रायटरमार्फत घेतलेला फुल बॅकअप पुढच्या डिफरन्शियलचा पाया बदलतो. रविवारी फुल आणि रोज डिफरन्शियल अशी पद्धत असेल, तर सोमवारचा डिफरन्शियल रविवारच्या बॅक फाईलवर बसत नाही. तो मधल्या रात्रीच्या इमेजवर बसलेला असतो. हे रिस्टोअर करतानाच कळतं. म्हणून इमेजच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉपी ओन्ली' निवडा. आधीचं तपासायचं असेल तर एमएसडीबीच्या बॅकअपसेटमध्ये 'इज स्नॅपशॉट' हा कॉलम आहे, त्यात १ असलेल्या ओळी इमेजच्या.

लॉगची साखळी फुल बॅकअपनं तुटत नाही. पण लॉग कापण्याचं, म्हणजे लॉग बॅकअपचं काम दोघांपैकी एकाकडंच ठेवा, तुमच्या स्क्रिप्टकडं किंवा इमेजच्या सॉफ्टवेअरकडं. दोघांनी कापला तर अर्धी साखळी इकडं, अर्धी तिकडं. आणि दादा, काट्यासारख्या डेटाबेसला सिंपल मॉडेल मला पटत नाही. फुल मॉडेल करा, दर पंधरा मिनिटांनी लॉग बॅकअप घ्या. पुढच्या वेळी फार तर पंधरा मिनिटांच्या पावत्या भराव्या लागतील.

गोदातीर

फुल मॉडेल करून लॉग बॅकअप घ्यायचं विसरलात तर लॉग फाईल फुगून ई ड्राइव्ह भरेल. आणि ड्राइव्ह भरला की शॅडो कॉपीलाही जागा नाही, इमेज मध्येच पडते. 'व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज'नं मर्यादा बघा, कमी असेल तर वाढवा.

जालनेकर

नॅसबद्दल कुणी बोललं नाही. ती नॅस सर्व्हरवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेली आहे का? असेल तर आज काढा. खंडणीवाला व्हायरस शिरला की तो आधी शॅडो कॉप्या पुसतो आणि मग दिसेल तो ड्राइव्ह कुलूपबंद करतो. मे २०१७ च्या वॉनाक्रायच्याही आधीपासून हे चालू आहे. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या इमेज अशाच गेल्या. वाचली ती फक्त कपाटात काढून ठेवलेली यूएसबी डिस्क. नॅसचं खातं वेगळं, पासवर्ड फक्त इमेजच्या सॉफ्टवेअरला माहीत, आणि दोन यूएसबी डिस्क आलटून-पालटून.

खतावणी

आणि त्यातली एक कारखान्याच्या बाहेर. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सीना, सिंदफणेला आलेला पूर आठवा. सर्व्हर आणि नॅस एकाच तळमजल्याच्या खोलीत असतील तर पाणी दोघांना एकदमच गाठतं.

गोदातीर

उतरवून बघितल्याशिवाय यातलं काहीही धरू नका. गिटलॅबचं (प्रोग्रामचा कोड साठवणारी सेवा) प्रकरण वाचलं असेल. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसच पुसला गेला. रोजचा पीजीडम्प (पोस्टग्रेसचा बॅकअप) होता, पण ९.६ च्या डेटाबेसवर ९.२ चा प्रोग्राम चालत होता, त्यामुळे तो रोज पडत होता, आणि पडल्याच्या ईमेल पोचतच नव्हत्या. सहा तासांपूर्वी योगायोगानं हातानं घेतलेला एक एलव्हीएम स्नॅपशॉट कामी आला. त्यांनी हे सगळं स्वतःच उघडपणे लिहिलं, त्याचा मला आदर वाटतो.

मांजराकाठ

तीन आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल माफी. केलं ते सांगतो.

काका, नव्या कार्डाची बॅटरी ठीक आहे, पण यूपीएसच्या दोन बॅटऱ्या फुगलेल्या होत्या, बदलल्या. चेकडीबी चालवली, स्वच्छ. डी आणि ई एकाच जॉबमध्ये आले. १:३० ला बॅक फाईल, २ ला इमेज, कॉपी ओन्ली. लॉग दर पंधरा मिनिटांनी. झेड ड्राइव्ह काढला. एक यूएसबी डिस्क आठवड्याला शेतकी खात्याच्या गट ऑफिसला जाते, ती तिथल्या तिजोरीत.

एमडी साहेबांकडून एक जुनं मशीन फक्त या कामाला मागून घेतलं आणि परवा मंगळवारी चाचणी केली. नेटवर्कची वायर काढून इमेज उतरवली, नाहीतर दोन काटे सर्व्हर एकाच नावानं भांडले असते. विंडोज उठायला पावणेदोन तास. एसक्यूएल उघडताना हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. काट्याच्या डेटाबेसपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. नुसतं नाव. चेकडीबी चालवली, एकही चूक नाही. त्यावर चालू सर्व्हरवरचा नोंदणीचा शेवटचा नंबर आणि इमेजमधला शेवटचा नंबर ताडून बघितला. १:५८ ची नोंद आत, २:०३ ची बाहेर. बरोबर निवळलेली जागा.

एक रजिस्टर घातलंय. तारीख, रायटरची स्थिती, ३१९७-३१९८ ची जोडी दिसली का, इमेजचा आकार, आणि सही. सकाळपाळीचा माणूस भरतो. हिरव्या खुणेचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही.

वाळूजची_डीबीए

वाचून फार बरं वाटलं. चाचणी आता दर महिन्याला का?

मांजराकाठ

हो ताई, दुसऱ्या मंगळवारी. गाळप चालू असतानाही. चाचणीच्या मशीनवर मोठ्या अक्षरात 'हलवू नये' लिहून चिकटवलंय.

नवखा_हिंगोली

दादा, मी डिसेंबरच्या चाचणीला बघायला येऊ का? हिंगोलीहून सकाळच्या एसटीनं निघतो.

मांजराकाठ

ये की. मुक्कामाच्या तयारीनं ये, रात्री २ चा काटाही बघून जा.